मुकं लाकूड

वाचनालयातून बारा खुर्च्या परत आल्या त्या गुरुवारी, भर अकरा वाजता, सगळ्या गल्लीच्या देखत. हातगाडीवर चार-चारांच्या तीन चळती आणि गाडीच्या पुढे ग्रंथपालबाई. वाटेत दहा जणांनी तरी विचारलं असेल, बाई, खुर्च्या कुठे निघाल्या? आणि दहाही जणांना बाईंनी थांबून, नीट फोड करून सांगितलं असेल. दिवसभर दुसऱ्यांना गप्प बसवणाऱ्या माणसाला बाहेर बोलायची संधी मिळाली, तर तो ती कशाला सोडेल?

"मिस्त्री, तुम्ही चोवीस खुर्च्या दिल्यात," बाई दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाल्या. "त्यातल्या बारा गप्प बसतात. बारा बोलतात."

"बोलतात म्हणजे?"

बाईंनी गाडीवरची एक खुर्ची उतरवून घेतली, तिच्यावर बसल्या आणि पान उलटायला वाकावं तशा जरा पुढे झाल्या. खुर्ची कुरकुरली. बाई मागे टेकल्या. खुर्ची पुन्हा कुरकुरली, या वेळी चांगली लांबवून.

"एक माणूस हलतो आणि अख्खं वाचनालय वर बघतं. काल एक वयस्कर गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले आणि लाजून मला म्हणाले, बाई, तो आवाज मी केला नव्हता हो."

हातगाडीवाला फिदीफिदी हसला. मिस्त्री हसले नाहीत. चौसष्ट वर्षांचे, ठेंगणे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि त्याच्याही पुढे राग, असे ते होते. त्यांनी एकेक खुर्ची उलटी करून पाहिली, बाईंना आठवडाभराची मुदत मागितली आणि मागे वळून हाक मारली, "टेकू!"

टेकू सरसाचं भांडं हातात धरून मागच्या दारात उभा होता. कुठल्या बारा बोलतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या बारा त्याने केल्या होत्या.

त्याचं खरं नाव फक्त खाणीच्या हजेरीपटावर होतं. बावीस वर्षं तो कोळशाच्या खाणीत लाकडी टेकू उभे करायचा. कोळसा काढला की वरचं छत अधांतरी राहतं. त्याच्याखाली वेळेवर आणि योग्य जागी खांब ठोकायचा, की पुढची माणसं बिनघोर काम करणार. खाणीत त्याला मान होता. त्याने टेकू ठोकून मान हलवल्याशिवाय कुणी पाऊल पुढे टाकत नसे. पण कोळसा संपला की माणसं मागे सरकत आणि ती जागा खाली बसू देत. बावीस वर्षांत त्याने हजारो टेकू उभे केले आणि त्यातला एकही आज कुठे उभा नव्हता. चाळिशी उलटली तेव्हा त्याच्या मनाने घेतलं, की आता असं काहीतरी करायचं जे उजेडात राहील, ज्याच्यावर कुणीतरी बसेल, चहा पिईल, आणि जे करताना आपल्या बायकोला दारात उभं राहून वाट बघावी लागणार नाही. लाकूड तर त्याला कळतच होतं. म्हणून त्याने खाणीतून तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढली आणि तो मिस्त्रींकडे आला.

"लाकूड मला कळतं," पहिल्याच दिवशी तो छाती काढून म्हणाला होता. "ते मला शिकवू नका. सांधे शिकवा."

मिस्त्रींनी विश्वास ठेवला. मागच्या खोपीत लाकडाची रास होती. तिथून फळ्या निवडून आणायचं काम त्यांनी त्याच्यावर सोपवून टाकलं. त्यांच्या गुडघ्यांनाही ते बरं वाटलं. त्यांच्या स्वतःच्या कामाच्या फळ्या आधीच दुकानात आणून ठेवलेल्या होत्या.

आणि मग तीन महिने नुसती शोभा झाली. पहिलं टेबल त्याने असं केलं की ते उचलायला चार माणसं लागली आणि गिऱ्हाइकाच्या दारातून ते आत जाईना. दार काढावं लागलं. पलंगाला त्याने चार पाय सांगितले असताना सहा लावले. "मधे झोळ पडला तर?" तो म्हणाला. "अरे, त्यावर नवराबायको झोपणार आहेत, डोंगर नाही!" मिस्त्री ओरडले. पुढे हळूहळू हात हलका झाला, सांधे नीट बसू लागले, आणि वाचनालयाच्या खुर्च्या त्याने जीव ओतून केल्या. दिसायला मिस्त्रींच्या खुर्च्यांशेजारी ठेवल्या तर फरक ओळखू येत नव्हता. आता त्या गल्लीभर वरात काढून परत आल्या होत्या.

त्याची रजा शनिवारी संपत होती. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत खाणीच्या कचेरीत सही केली नाही, तर पटावरून नाव कायमचं जाणार. त्याच्या वयाच्या माणसाला पुन्हा कुणी घेत नाही. मिस्त्रींनीही तीन महिन्यांचाच शब्द दिला होता. शनिवारपर्यंत तो सुतार झाला नाही, तर त्याला पुन्हा खाली जावं लागणार होतं, आणि खाली जायची त्याला भीती वाटायची. ही गोष्ट त्याने बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

शुक्रवारी तिन्हीसांजेला खाणीचा मुकादम घरी आला. माणूस गोड बोलणारा, आणि बोललेलं खरं असायचं, हाच त्याचा ताप.

"टेकू, तू गेल्यापासून पोरं घाबरतात रे. नवीन माणूस ठोकतो नीट, पण त्याच्या मानेवर कुणाचा विश्वास नाही," मुकादम म्हणाला. "उद्या पाच वाजेपर्यंत ये. कागद तयार ठेवलाय, फक्त सही. इथे तुला कोण विचारतं? तिथे तू राजा आहेस."

"राजाला घरी यायला उशीर झाला की राणी काय करते, ते ठाऊक आहे का भाऊजी तुम्हाला?" बायकोने आतून विचारलं. "बसा, चहा टाकते."

मुकादम बसला तो नेमका टेकूने घरासाठी केलेल्या स्टुलावर. स्टूल कुरकुरलं. मुकादम जागच्या जागी थांबला, त्याने स्टुलावर पुन्हा वजन टाकून पाहिलं आणि खुशीत मान हलवली. "वा! चांगलं बोलतं," तो म्हणाला.

टेकूला इतकं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. तीन महिन्यांत त्याच्या कामाला चांगलं म्हणणारा हा पहिला माणूस. आणि लगेच त्याला स्वतःचा राग आला, कारण तो माणूस खाणीतला होता.

मुकादम गेल्यावर बायको समोर येऊन उभी राहिली. "जाणार आहात?"

"मग काय करू? बारा खुर्च्या तोंडावर आपटल्यात. सांधे घट्ट होते, सरस नीट होता, सगळं मिस्त्रींनी सांगितलं तसं केलं. तरी बोलतात म्हणे. बोलेनात का! बोलल्या तर बिघडलं काय?"

"अहो, वाचनालयात?"

"कुठेही!" तो खेकसला. "मी एकेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या हाताला नाही जमत आता. पहिलीतल्या पोरासारखी रोज बोलणी खायची आणि रोज मान खाली घालायची, किती दिवस?"

"पहिलीतली पोरं रडतात आणि दुसरीत जातात," ती म्हणाली. "तुम्ही रडतही नाही. नुसते रुसून बसता." तिने चहाचे कप उचलले. "मी नाही सांगणार जा की राहा. पण दारात उभी राहायची मी थांबले, त्याला तीन महिने झालेत. पाय दुखायचे माझे, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं."

तो उगाचच अंगणात जाऊन उभा राहिला.

शनिवारी जेवणानंतर मिस्त्रींनी परत आलेल्यांपैकी एक खुर्ची बाकावर घेतली. "रोग काय आहे ते बघितल्याशिवाय औषध कसलं?" म्हणत त्यांनी हातोडीच्या चार टोल्यांत मागचा पाय मोकळा केला. सांधा नुसता सुटून हातात आला. तीन आठवड्यांपूर्वी घट्ट बसवलेला सांधा आता बोटभर हलत होता. मिस्त्रींनी लाकूड नाकाशी नेलं, नखाने खरवडलं आणि चष्मा काढून ठेवला. ते खरोखर चिडले की चष्मा काढायचे.

"हे ओलं आहे. म्हणजे होतं. वाचनालयात जाऊन सुकलं, आकसलं आणि सांधे ढिले झाले. टेकू, ही फळी तू कुठून घेतलीस?"

"राशीतून."

"राशीत उजव्या अंगाला सहा वर्षं सुकवलेलं लाकूड आहे. डावीकडे या वर्षीचं. तू डावीकडचं का घेतलंस?"

"मी निवडून घेतलं," टेकू म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारत होतं, त्यामुळे तो मोकळेपणी सांगू लागला. "प्रत्येक फळी दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकायची आणि पाय देऊन दाबायची. जी फळी कुरकुरते, करकरते, ती चांगली. जी गप्प राहते ती मुकी. मुकी मी एकही वापरली नाही, मिस्त्री. सगळी बाजूला काढली."

"बाजूला म्हणजे कुठे?"

टेकूने सरस तापवायच्या शेगडीकडे बोट केलं.

मिस्त्री शेगडीपाशी गेले. शेजारी सरपणाची नीटस चळत होती. त्यांनी त्यातलं एक ढलपं उचललं, बघितलं, दुसरं उचललं. सहा वर्षं पावसापाण्यापासून जपलेल्या, दर तीन महिन्यांनी कूस बदलून ठेवलेल्या फळ्या वीतवीतभर फाडून रचून ठेवल्या होत्या. निम्मी रास तर आधीच धूर होऊन गेली होती.

"माझं लाकूड," मिस्त्री म्हणाले. मग आवाज चढला. "माझं सहा वर्षांचं लाकूड तू सरस तापवायला जाळलंस! अरे, ते गप्प बसतं म्हणून तर सहा वर्षं सांभाळलं! वेड लागलंय का तुला? गाढवालासुद्धा कळेल, की—"

"मुकं लाकूड माणूस मारतं!" टेकू ओरडला.

आजवर तो मिस्त्रींसमोर कधी ओरडला नव्हता. दोघेही दचकले. पण तोंड उघडलं ते उघडलंच.

"तुम्हाला काय माहीत? खाली लाकूड बोलतं म्हणून माणसं जगतात. वरून भार आला की चांगला टेकू आधी कुरकुरतो, मग करकरतो, मग ओरडतो. तेवढ्यात दहा पावलं पळता येतं. आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे जुन्या इमारतींचं वाळलेलं लाकूड आलं. दिसायला देखणं, उचलायला हलकं. सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं. मी ते ठोकलं, मान हलवली, आणि माझा जोडीदार पुढे गेला. बडबड्या म्हणायचो आम्ही त्याला, तोंड म्हणून बंद नसायचं. मेव्हणीच्या लग्नाची गंमत सांगत होता. 'आणि मग ती मला म्हणते,' इतकं बोलला. लाकूड काही बोललं नाही, मिस्त्री. चकार शब्द नाही. एकदम मोडलं. ती काय म्हणाली ते मला अजून माहीत नाही."

त्याने हात पाठीमागे घेतले. "मी बोलणारंच लाकूड लावणार. नाही जमत तर नाही जमत. जातो मी. पाचला सही करायचीय."

मिस्त्रींनी कोपऱ्यातली स्वतःची खुर्ची ओढली. जुन्या, खडखडीत वाळलेल्या लाकडाची, तीस वर्षं त्यांचं बूड सांभाळलेली. ती उलटी केली, करवत घेतली आणि मागचे दोन्ही पाय आतल्या बाजूने जवळजवळ पार कापले. अंगठ्याएवढं लाकूड शिल्लक ठेवलं.

"काय करताय?" टेकूने विचारलं.

खुर्ची सरळ करून मिस्त्री तिच्यावर बसले. हात मांडीवर ठेवून फोटोला बसावं तसे ताठ. खुर्ची गप्प होती. "बघ, मुकं आहे की नाही?" ते म्हणाले आणि जरा मागे रेलले.

कट्, एवढाच आवाज झाला आणि मिस्त्री खाली.

टेकूला पुढचं नीट आठवत नाही. त्याचे पाय आणि हातच जे काय करायचं ते करून मोकळे झाले. त्याने मिस्त्रींना बगलांत हात घालून उचललं, फरफटत दुकानाबाहेर काढलं, पायऱ्यांवरून खाली रस्त्यात आणलं आणि त्यांच्या डोक्यावर स्वतःचं अंग घालून ओणवा पडला. डोळे घट्ट मिटलेले. समोरचा शिंपी कात्री हातात घेऊन बाहेर आला. सायकलवरची बाई उतरून उभी राहिली.

"सोड मला!" खालून मिस्त्रींचा दबलेला आवाज आला. "सोड, गुदमरतोय मी. अरे, पडलोय, मेलो नाही!"

टेकूने डोळे उघडले. रस्ता होता. दुकान होतं, दारं होती, दारात भुसा होता. कुठेही काहीही कोसळलं नव्हतं.

मिस्त्री उठून बसले. एका हाताने कंबर धरून त्यांनी दोन सणसणीत शिव्या हासडल्या, एक खुर्चीला, एक टेकूला. मग म्हणाले, "पडलो. पुढे?"

"अं?"

"पुढे काय झालं, ते विचारतोय. मुकं लाकूड मोडलं, माणूस पडला. किती वरून? दीड फूट. पडला, शिव्या दिल्या, उठला. कंबर दोन दिवस दुखेल. एवढंच आहे आमच्या धंद्यात, बाबा. आमच्या चुकीने कुणी मरत नाही. लोक हसतात, खुर्ची परत आणून देतात, बस्स."

टेकू रस्त्यातच बसून राहिला. मग त्याला रडू फुटलं. आठ वर्षांत बायकोसमोर आलं नव्हतं, बडबड्याच्या घरी गेला होता तेव्हा आलं नव्हतं, ते शिंप्यासमोर आणि सायकलवालीसमोर आलं, आणि चांगलं मोठ्याने आलं. त्याला त्याची लाजही वाटली नाही. शिंपी मुकाट्याने आत गेला. मिस्त्री शेजारी बसून कंबर चोळत राहिले.

बऱ्याच वेळाने दोघं आत आले. मिस्त्री मोडकी खुर्ची उचलून ठेवायला वाकले, तर टेकूने भिंतीलगतची दुसरी खुर्ची ओढली. तीही मिस्त्रींनी केलेली, वाळक्या लाकडाची, डॉक्टरीणबाईंना सोमवारी द्यायची.

"ती विकलेली आहे," मिस्त्री म्हणाले.

टेकूने ऐकलं नाही. त्याने ती उलटी केली, करवत घेतली आणि मागचे पाय कापू लागला. मिस्त्री एकदा घड्याळाकडे बघत होते, एकदा त्याच्याकडे. घड्याळात पाचाला दहा मिनिटं कमी होती आणि कचेरी पंधरा मिनिटांच्या वाटेवर होती.

खुर्ची सरळ करून टेकू तिच्यासमोर उभा राहिला. उभाच राहिला. कपाळावर घाम आला, तो त्याने बाहीने पुसला. मग बसला. कान लाकडाला लागले होते. लाकूड काही बोललं नाही. त्याने श्वास रोखला आणि पाठ मागे टाकली.

कोपर आपटलं, डोकं भुशात पडलं, पाय वर. जोरात लागलं. तो तसाच उताणा पडून राहिला आणि वर बघत राहिला. वर छत होतं. पत्र्याचं, दोन ठिकाणी डांबर लावून बुजवलेलं. ते जिथल्या तिथे होतं.

"झालं समाधान? आता चौदा करायला लागतील," मिस्त्री कुरकुरले. "बारा वाचनालयाच्या, एक डॉक्टरीणबाईंची आणि एक माझ्या बुडाची. आणि लाकूड मी निवडणार. तू खोपीत पाऊल टाकायचं नाहीस."

"बरं."

"आता ऊठ."

"किती वाजले, मिस्त्री?"

मिस्त्रींनी चष्मा चढवून भिंतीकडे पाहिलं. "पाच वाजून दहा."

"मग अजून जरा पडून राहतो," टेकू म्हणाला.